प्रश्न विचारण्याचा तास

प्राथमिक शाळेचे वेळापत्रक कोणी बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. भाषा आणि गणित हे विषय सकाळच्या ताज्या तासांना मानाने बसलेले असतात. परिसर अभ्यास मात्र बहुधा मधल्या सुट्टीनंतर, मुलांच्या डोळ्यांवर झापड येण्याच्या वेळी येतो. इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांचे हे एकत्र कुटुंब. पण शाळेच्या घरात त्याला जागा मिळते ती ओटीवर. धडा वाचावा, खालचे प्रश्न सोडवावेत, उत्तरे फळ्यावरून उतरवून घ्यावीत आणि परीक्षेत ती जशीच्या तशी लिहावीत, ही वर्षानुवर्षांची वहिवाट. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका प्राथमिक शाळेत आम्ही तिसरी-चौथीच्या वर्गांना सत्तावीस वर्षे शिकविले. ह्या विषयाला ओटीवरून माजघरात आणण्याची जी खटपट त्या काळात झाली, तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

‘आनंददायी शिक्षण’, ‘कृतियुक्त अध्ययन’, ‘ज्ञानरचनावाद’ हे शब्द गेल्या काही दशकांत शाळांच्या भिंतींवर रंगवून झाले आहेत. १९९३ साली यशपाल समितीने दप्तराच्या व माहितीच्या ओझ्याबद्दल आपला अहवाल दिला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे असे बजावले. बालभारतीनेही तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे काढले. हेतू उत्तमच होते. परंतु वर्गापर्यंत पोहोचेतो त्यांचे रूप पालटले. ‘प्रकल्प’ म्हणजे दुकानातून आणलेल्या चित्रांचे कात्रण, असे समीकरण झाले. ‘आपले मदतनीस’ म्हटले की पोस्टमन, पोलीस आणि डॉक्टर ह्यांची छापील चित्रे वहीत चिकटवावयाची. रोज दारावरून जाणारी मासळीवाली त्यांत कोठेच नाही. किल्ल्याची प्रतिकृती थर्माकोलची. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली तेव्हा पुठ्ठ्याची. दोन्ही वेळा किल्ला बांधणारे हात मात्र आईवडिलांचे!

सर्जनशील पद्धती म्हणजे सजावट नव्हे, हे जुन्या शिक्षणतज्ज्ञांनी केव्हाच दाखवून दिले आहे. जॉन ड्युई ह्यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा काढली. कापडाचा इतिहास शिकविताना तेथील मुलांच्या हाती त्यांनी लोकर आणि कापूस दिला. बोंडातील कापूस हाताने सरकीपासून सोडवावयास मुले बसली. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर एक औंससुद्धा कापूस निघाला नाही. आपले पूर्वज सुती कापडाऐवजी लोकरीचे कपडे का वापरीत, हे मग त्यांना निराळे सांगावे लागले नाही. आपल्याकडे तर इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला आरंभिलेले काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा आज ज्या पालघर जिल्ह्यात मोडते त्याच जिल्ह्यातील आम्ही रहिवासी.

आणखी एक गुरू आम्हांस तालुक्यातच भेटला, आणि तो बावीसशे वर्षांहून अधिक जुना आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. ह्या आठव्या लेखाचा आशय मोठा मनोवेधक आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस, म्हणजे शिकारीस व मौजेस जात. अशोकाने त्यांऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांची भेट घ्यावयाची, वृद्धांचे दर्शन घ्यावयाचे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटावयाचे आणि त्यांच्याशी प्रश्नोत्तरे करावयाची. शाळेची सहल म्हणजे एखाद्या जलउद्यानाची फेरी असे जेथे ठरून गेले आहे, तेथे हा लेख भिंतीवर लावून ठेवावा. घराबाहेर पडावे, वृद्धांकडे जावे आणि प्रश्न विचारावेत: परिसर अभ्यासाची याहून चांगली पद्धत आम्हांस तरी ठाऊक नाही.

प्रश्न विचारणे ही गोष्ट वाटते तितकी निरुपद्रवी मात्र नाही. चौथीस शिवछत्रपतींचा इतिहास असतो. किल्ल्यांचा विषय निघाला की आमच्याकडील मुलांच्या डोळ्यांपुढे एकच किल्ला उभा राहतो, वसईचा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. दोनशे वर्षांनी, तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. एवढी माहिती सांगून पुढे जाता आले असते. परंतु आमच्या वर्गात एका बाकावर ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्याशेजारी भंडाऱ्याचा, पुढे कोळ्याची मुलगी, मागे पाड्यावरची वारली मुलगी आणि तिच्या बाजूला उत्तर प्रदेशातून आलेल्या सुताराचा मुलगा, अशी सगळी मंडळी बसत. वेढ्याचे नाट्यीकरण करावयाचे ठरले तेव्हा कोण कोण होणार हा प्रश्न निघाला आणि एका मुलाने ताडकन सांगून टाकले, “तुम्ही पोर्तुगीज, आम्ही मराठे.”

वर्ग एकदम शांत झाला. नऊ वर्षांच्या मुलाने हे वाक्य स्वतः रचलेले नव्हते. ते त्याने मोठ्यांच्या तोंडून ऐकले होते. असली वाक्ये बाजारात, गाडीच्या डब्यात, निवडणुकीच्या दिवसांत आपण सगळेच ऐकतो आणि बहुधा ऐकून सोडून देतो. वर्गात ती सोडून देता येत नाहीत. त्या मुलाला रागे भरून गप्प करणे सोपे होते. पण गप्प केलेले वाक्य पोटात जाऊन बसते.

आम्ही चिठ्ठ्या काढल्या. तटावरचा पोर्तुगीज शिपाई, सुरुंग पेरणारा मराठा शिपाई, किल्ल्यातील पाद्री, तेथे लेकरांसह अडकलेली आई, खाडीतील नावाडी, किल्ल्याबाहेरच्या वाडीतील शेतकरी, अशा भूमिका चिठ्ठ्यांवर लिहिल्या. ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल ती त्याची भूमिका. प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची: मी कोठे उभा आहे, आज मी काय खाल्ले, मला कशाची भीती वाटते? ख्रिस्ती मुलाच्या वाट्याला मराठा शिपाई आला. ज्याने बाजू वाटून टाकल्या होत्या त्याला किल्ल्यातील आईची चिठ्ठी मिळाली. वर्ग थोडा हसला; तो हसला नाही. “मला भीती वाटते की पीठ संपेल,” असे तो म्हणाला, आणि मग त्याने घरात किती दिवसांचे पीठ उरले आहे याचा हिशेबच मांडला.

शरणागतीनंतर किल्ल्यातील सैनिकांना सन्मानाने बाहेर पडू दिले आणि रहिवाशांना आपल्या चीजवस्तूंसह जाण्याची मुभा मिळाली, हेही आम्ही सांगितले. वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून नेल्या गेल्या आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात व वाईजवळच्या मेणवलीस त्या आजही आहेत, हे सांगितले तेव्हा वर्गात वाद झाला. एक म्हणाला, घंटा परत मागावी. दुसऱ्याने विचारले, “तिकडे ती वाजते का?” कोणी म्हणाले, देवाच्याच दारात आहे, राहू द्या. मत घेतले तेव्हा वर्ग दोन्ही बाजूंना विभागला गेला. पण ही विभागणी जातिधर्माची नव्हती. निर्णय द्यावा असा आग्रह मुलांनी केला, आम्ही तो दिला नाही. काही प्रश्न फळ्यावर राहू द्यावे लागतात.

त्या दिवशीचा खरा प्रश्न मात्र वाडीतील शेतकऱ्याची चिठ्ठी मिळालेल्या मुलीने विचारला. वेढा फेब्रुवारीत पडला आणि मे महिन्यात उठला, हे तिने ऐकले होते. तिच्या घरी केळीची बाग होती. ती म्हणाली, “ते तर पाणी घालायचे दिवस. मग तीन महिने वाडी कोणी शिंपली?” इतिहासाची जी काही पुस्तके आम्ही वाचली होती त्यांत सेनापतींची नावे होती, तोफांची संख्या होती, वाडी कोणी शिंपली हे नव्हते. ‘आम्ही कोणाच्या बाजूचे’ ह्या प्रश्नाला त्या मुलीने नकळत एक निराळीच दिशा दिली होती. तटाच्या आत आणि बाहेर जे कोणी होते त्यांखेरीज एक तिसरा समाज होता आणि त्याला पावसाळ्यापर्यंत बाग जगवावयाची होती.

वाडी कोणी शिंपली, हे शोधावयाचे तर आधी पाणी कोठून येत असे ते शोधले पाहिजे. येथून आमचा बावखलांचा अभ्यास सुरू झाला. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, झिरपते, भोवतालच्या विहिरींना पुरवठा करते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरते. पूर्वी विहिरींवर रहाट असत. रेड्याच्या किंवा बैलाच्या बळावर मडक्यांची माळ फिरे आणि पाणी पाटाने केळींच्या व पानवेलींच्या मुळाशी जाई. आता विजेचे पंप आहेत, आणि बावखले एकामागून एक बुजत चालली आहेत.

मुलांनी प्रथम घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढला. मोजपट्टी म्हणून स्वतःची पावले. प्रत्येकाचे पाऊल वेगळे, त्यामुळे एकाच रस्त्याची लांबी चौघांची चार प्रकारे आली, आणि प्रमाण म्हणजे काय हे भूगोलाच्या पुस्तकाआधी पायांना कळले. मग त्या नकाशांवर बावखले दाखविली. जी आहेत ती निळ्या खडूने; जी होती असे मोठी माणसे सांगतात ती नुसत्या तुटक रेषेने. सगळे नकाशे जोडून वर्गाच्या भिंतीवर लावले तेव्हा तुटक रेषा निळ्या रंगाहून अधिक भरल्या. कोणी काही बोलण्याची आवश्यकता नव्हती.

नंतर मुलाखती. ‘हे बावखल कोणी खणले?’ हा एकच प्रश्न सर्वांनी आपापल्या घरी व शेजारी विचारावयाचा, आणि उत्तर सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावयाचे. कोणी कुपारी बोलीत सांगितले तर तसे, कोळ्यांच्या बोलीत सांगितले तर तसे. शाळेच्या वहीत घरची बोली प्रथमच शिरत होती, आणि मुले ती मोठ्या अपूर्वाईने लिहीत होती. एकाच बावखलाविषयी दोन उत्तरे आली. वाडीच्या मालकाचे वृद्ध वडील म्हणाले, “आमच्या आज्याने खणले.” पाड्यावरच्या मुलीची आजी म्हणाली, “आमच्या माणसांनी खणले.”

वर्गात तंटा उभा राहिला. कोणीतरी एक खोटे बोलत आहे, असे मुलांना वाटले. परिसर अभ्यासाचा तास व्याकरणाचा झाला तो ह्या ठिकाणी. ‘खणणे’ आणि ‘खणविणे’ ही क्रियापदे आम्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली आणि दोन्ही वाक्ये पुन्हा वाचावयास सांगितली. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, “आज्याने खणविले, त्यांनी खणले. दोघे खरे.” प्रयोजक क्रियापद आम्ही ह्याआधी अनेक वर्षे शिकविले होते; पण ‘करणे’ आणि ‘करविणे’ यांत समाजाची केवढी रचना दडलेली आहे हे त्या दिवशी जितके स्पष्ट झाले तितके कधी झाले नव्हते. शाहजहानने ताजमहाल बांधला, राजाने किल्ला बांधला, ही पुस्तकातील वाक्ये पुढे मुले स्वतःच दुरुस्त करू लागली.

पाड्यावरची ती मुलगी वर्षभर मागच्या बाकावर खाली मान घालून बसे. तिने आजीचे म्हणणे उभे राहून वाचून दाखविले: खणताना माती कशी डोक्यावरून वाहत, त्या मातीने घराचे जोते कसे उंच करीत, मजुरी म्हणून भात मिळे. ती आमच्या वर्गातील पहिली मुलगी, जिच्याकडे असलेले ज्ञान दुसऱ्या कोणाकडे नव्हते. एका वाचनाने तिचे आयुष्य पालटले असे आम्ही म्हणणार नाही. ती पुढच्या बाकावर आली, एवढे खरे.

तुटक रेषांनी दुसरा प्रसंग आणला. एका मुलाच्या वहीत लिहिले होते: ‘हे बावखल माझ्या मित्राच्या बाबांनी बुजविले.’ दुसऱ्याच दिवशी ते गृहस्थ शाळेत आले. “मुलांना शाळेत आमच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला शिकविता काय?” असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे नाही. गावात सगळे एकमेकांचे सोयरे. चर्चच्या आवारात, बाजारात, लग्नकार्यात रोज समोरासमोर येणारे. आम्ही त्यांना बसवून वह्या दाखविल्या. त्यांत दोषारोप नव्हता. कोणी सांगितले, कधी सांगितले, एवढेच होते. त्यांनी बराच वेळ वाचले. मग म्हणाले, “का बुजविले ते लिहिलेले नाही.”

हा आक्षेप मात्र शंभर टक्के योग्य होता. मुले त्यांच्याकडे पाठविली. त्यांनी सांगितले ते असे: घरात आजारपण होते, बागेचे उत्पन्न कमी झाले होते, भाऊ वेगळे निघाले होते, आणि पाणी असलेल्या जागेला कोणी भाव देत नव्हते, भर टाकलेल्या जागेला देत होते. मुलांनी ते सारे लिहून घेतले. त्यांचा राग पूर्णपणे निवळला असे नव्हे. पुढेही ते आमच्याशी मोजकेच बोलत. परंतु मुलांच्या वहीत ‘बुजविले’ ह्या शब्दापुढे ‘कारण’ हा एक नवा रकाना आला, आणि तो पुढच्या प्रत्येक नोंदीसाठी राहिला. कोणी वाईट वागले असे लिहिण्यापूर्वी त्याला विचारावे, हे नागरिकशास्त्र आम्ही शिकविले नव्हते. एका संतापलेल्या पालकाने शिकविले.

२०१८ च्या जुलैत वसईत अतिवृष्टी झाली. रूळ पाण्याखाली गेले, मिठागरातील वस्तीला पाण्याने वेढले, अनेक घरांत दिवसचे दिवस पाणी राहिले. शाळा पुन्हा भरली तेव्हा पाचवीत गेलेली ती मुले आपल्या जुन्या वर्गात आली आणि भिंतीवरच्या नकाशापुढे उभी राहिली. पाणी कोठे साचले ते त्यांनी पाहिले होते आणि त्यांची बोटे त्या जागा शोधीत होती. काही ठिकाणी पाणी आणि तुटक रेषा एकाच जागी येत होत्या. काही ठिकाणी येत नव्हत्या. पुराला भराव, बुजलेले नाले आणि वाढलेली वस्ती अशी अनेक कारणे असतात. बावखलाने सगळे सुटले असते असे सांगणे खोटे ठरेल, आणि तसे आम्ही सांगितले नाही. पण पाण्याला जागा लागते, आणि ती जागा कोणीतरी, काही कारणाने घेतलेली असते, हे त्या मुलांना ठाऊक होते.

ह्या पद्धतीवर आक्षेप आहेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा पहिला. शिक्षकांमागे निवडणुकीची व नाना सर्वेक्षणांची कामे असतात, वर्गात मुले दाटीने बसतात. अशात मुलाखती कोण घेणार, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत. आमचा अनुभव एवढाच की सगळे धडे असे शिकवावे लागत नाहीत. वर्षातून दोन विषय असे मन लावून केले तर बाकीचे धडे मुले निराळ्या डोळ्यांनी वाचतात. खर्च जवळजवळ नाही: जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू, खडू आणि एक वही. बाहेर जाणे शक्य नसेल तर एखाद्या आजीला वर्गात बोलवावे. आणि परीक्षेचे म्हणाल, तर ज्याने पावलांनी रस्ता मोजला त्याला प्रमाणावरचा प्रश्न अडत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा प्रश्नांनी घरात व गावात अस्वस्थता येते. येते, हे वर सांगितलेच आहे. परंतु न विचारलेल्या प्रश्नांनीही ती येतच असते. फक्त ती ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ अशा आयत्या वाक्यांच्या रूपाने येते, आणि तेव्हा तिला उत्तर देण्यास आपल्याजवळ वही नसते, पुरावा नसतो, दुसऱ्याच्या घरातील पीठ किती उरले याचा हिशेब नसतो.

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांत शिक्षक थोडे असतील. आजी-आजोबा, आईवडील पुष्कळ. त्यांना एक विनंती. एखाद्या संध्याकाळी घरातले किंवा शेजारचे मूल वही घेऊन समोर बसेल आणि विचारील, “आपली विहीर कोणी खणली?” त्या वेळी ‘पूर्वजांनी’ असे एका शब्दात उत्तर देऊन त्याला वाटेला लावू नका. कोणाकोणाचे हात लागले होते ते आठवा. ठाऊक नसेल तर त्याला पाड्यावरच्या म्हातारीकडे घेऊन जा, आणि तुम्हीही तिच्या अंगणात थोडा वेळ बसा.